मामाला लावलेला भाव

३ फेब्रुवारी

पावणे गावातलं काम मिळालं! रमाकांतशेठचा मशीनचे सुटे भाग बनवायचा कारखाना. ऑफिस मुलगी बघते, श्रुती. वेबसाइटवर सगळे पार्ट फोटोंसकट आणि प्रत्येकापुढे चौकशीचा फॉर्म, असं हवंय. साठ हजार सांगितले. सांगितले म्हणजे कागदावर लिहून कागद पुढे सरकवला, तोंडाने उच्चार नाही. श्रुतीने वाचून पप्पांकडे बघितलं, पप्पांनी मान हलवली, झालं. अर्धे आधी, पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले.

नोकरी सोडल्यापासून पहिल्यांदाच निलेशला न विचारता आकडा सांगितला. नवरा असून त्याने हात मिळवला.

६ फेब्रुवारी

जुन्या ऑफिसमधल्या सरांचा फोन. एक जागा रिकामी होतेय, मार्चपासून ये, पगार होता तोच. वीस तारखेपर्यंत कळव. "नको" म्हणणार होते, "विचार करते" म्हणाले. माणसाचा आवाज ऐकला की माझं असंच होतं.

नि. म्हणाला, पावण्याचा अ‍ॅडव्हान्स येऊ दे, मग सरांना नाही कळवून टाक. बरोबर आहे. मला परत तिथे जायचं नाहीये. स्वतःच्या नावावर काम करायचंय, पण असं फुटकळ किती दिवस? पावण्याचं झालं तर निभेल.

९ फेब्रुवारी

आई काल तिच्या माहेरी हळदीला जाऊन आली. मी गेले नाही, काम होतं. तिथे जासईचा जनामामा आलेला. आईचा चुलतभाऊ, कंटेनरचे ट्रेलर आहेत त्याचे. दिवाळीत त्याची वेबसाइट केली होती मी. तर हा मामा मांडवभर मोबाइल घेऊन फिरला. "माझ्या भाचीनं केली. पंधरा हजारांत!"

आई फोनवर खूश. "सगल्यांना दाखवली गो त्यानं. नवरीपेक्षा तुझंच नाव."

"सगळ्यांना म्हणजे?"

"पावन्याचा रमाकांत होता ना बाजूलाच. मामीचा मावसभाऊ लागतो तो."

संपलं. आमच्यात खाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणीतरी कोणाचं तरी लागतंच. इथेच जन्मले, इथेच लग्न करून राहिले, आणि दोन गावांत दोन भाव सांगून बसले. दुसरं कोणी असतं तर मीच खो खो हसले असते.

१० फेब्रुवारी

श्रुतीचा फोन. "ताई, पप्पा बोलतात तिकडे पंधरा आणि आमाला साठ? आमी काय घोडं मारलं?" समजावलं. मामाची पाच पानं, तुमचे ढीगभर पार्ट. तिला पटलं. "पण पप्पांना नाय पटणार. चौपट आहे ना." अ‍ॅडव्हान्स लटकला.

पप्पांचं अगदीच चुकत नाही. काम दुप्पट आहे, चौपट नाही. मामाच्या कामाचे बत्तीस घ्यायला हवे होते. मामा म्हणून पंधरा घेतले.

वर हळदीतल्या तिघांचे फोन. खानावळ, मांडववाला, जिम. तिघांनाही पंधरातच पाहिजे. मांडववाल्याने माझा नंबर "पंधरावाली ताई" म्हणून सेव्ह केलाय, स्वतःच सांगितलं. हसले. फोन ठेवल्यावर रडू आलं.

नि.: "घे ना तिन्ही. पंचेचाळीस झाले की."

"आणि झोपू कधी?" पुढचं भांडण लिहीत नाही.

१३ फेब्रुवारी

जासईला गेले. ठरवून गेले होते की मामाला एवढंच सांगायचं, तो घरचा भाव होता असं लोकांना सांग. मामीने चहा केला. मी सांगितलं. मामाने कप खाली ठेवला.

"घरचा म्हंजे? खरा भाव दुसरा हाय?"

"अरे मामा, तू घरचा, म्हणून..."

"मी एक रुपाया तरी कमी कर बोललो? तू आकडा सांगितलास, दुसऱ्या दिवशी दिलं मी. भावाला ट्रेलर दिला तरी भाडं तेच घेतंव. आता सगल्यांसमोर मी भाचीकडनं फुकट काम करून घेनारा झालो ना!"

खरं आहे. घासाघीस त्याने केलीच नव्हती. तो करेल या धाकाने मीच आधी उतरले होते. दिवाळीत इथेच, याच ओटीवर, तो काहीतरी बोलायला तोंड उघडत होता आणि मी घाईघाईने म्हणाले, "तू पंधराच दे." विचारलं त्याला, तेव्हा काय बोलणार होतास.

"आठवत नाय. पन्नास सांगशील वाटलेलं मना."

पन्नास!

उठता उठता म्हणाला, "खरं बिल पाठव." रागाने की मनापासून, कळलं नाही. निघताना मामीने वालाच्या शेंगा दिल्या. मामा बाहेर आला नाही.

१५ फेब्रुवारी

आईला कळलं. "मामाला बिल लावशील? माजं माहेर तोडशील तू." म्हटलं, त्यानेच मागितलंय. "तो मागल. तू द्यायचं नसतं." फोन आपटला.

संध्याकाळी श्रुती. मामाने खरं बिल मागितलंय, ते बत्तीसचं होतं, हे तिला काल सांगितलं होतं. पप्पांचा निरोप: जनाशेठने खरंच बत्तीस दिले तर आम्ही साठला तयार, नाहीतर नाही. म्हणजे आता सगळं मामावर. कारखाना पावण्याला, आणि निकाल जासईला लागणार.

१७ फेब्रुवारी

बिल केलं. आधी वीस लिहिले. खोडले. पंचवीस. नि. मागे उभा राहून म्हणाला, पंचवीस ठीक आहे, मामापण दुखावणार नाही. पंचवीसला रमाकांतशेठ ऐकणार नाही, आणि मामाने खरा भाव मागितलाय. बत्तीस लिहिले. पंधरा मिळाले, सतरा बाकी. पाठवलं आणि भांडी घासायला गेले. एरवी भांड्यांना माझा हात लागत नाही.

मामाने वाचलंय.

१८ फेब्रुवारी

दुपारी मामाचा मेसेज. "उद्या येतंव. मामी पन हाय." बाकी एक अक्षर नाही. पैसे घेऊन येतोय की भांडायला? मामीला घेऊन भांडायला येईल का कोणी? येतातही आमच्यात.

आईला सांगावं लागलं. ती सकाळीच येतेय आमच्याकडे खांदेश्वरला, मटण घेऊन. "मी सांगीन त्याला, पोरगी चुकली. तू गप बस." श्रुतीचाही मेसेज, काय झालं म्हणून. परवा सरांना उत्तर द्यायचंय. सगळे माझ्याकडे बघतायत आणि मी मामाकडे. भीती वाटतेय, पण बिल पाठवल्याचं वाईट वाटत नाही. हे नवीनच.

आईला परत फोन करून सांगितलं, जेवण तू कर, चुकलीबिकली काही म्हणायचं नाही. नि.ला पण सांगून ठेवलंय. मामा येऊन टेकला की पाणी द्यायचं आणि थांबायचं. काय ते आधी त्याला बोलू द्यायचं. तोपर्यंत घरात कोणी तोंड उघडायचं नाही. मी तर नाहीच.