पडदा फाटला नाही तो रविवार

पप्पा, आज, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, संडे स्कूलच्या नव्या शिक्षिकेनं मुलांना बायबलातला निवासमंडप, देवाचा तो तंबू, मोबाइलवर दाखवला आणि दोन मिनिटांत धडा आटोपला. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तुम्हाला लिहायला बसलेय म्हणजे भांडायलाच बसलेय असं समजा.

तुम्ही त्या धड्यासाठी आठवडा घालवायचात. द्राक्षांच्या खोक्यांच्या फळ्या आणून आपल्या ख्रिस्ती देवळामागे मंडप उभारायचात. दारातच होमवेदी, मग हातपाय धुवायला आमचंच पितळी घंगाळ, पुढे दीपवृक्ष, आणि सगळ्यात आत, आईच्या जांभळ्या साडीच्या पडद्याआड, कराराचा कोश, देवाच्या आज्ञांची पेटी. "इथं आत कोण जायचं?" तुम्ही विचारता. "प्रमुख याजक!" आम्ही ओरडतो. "वर्षातून एकदाच, लोकांच्या पापांसाठी रक्त घेऊन. आणि आता?" मग तुम्ही स्टुलावर चढता आणि पडदा टरकन फाडता. "प्रभूनं वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा हा वरून खाली फाटला. म्हणजे देवानंच फाडला. आता कुणालाही आत यायला मोकळीक." तो नीट फाटावा म्हणून आई दरवर्षी मधोमध कच्चे टाके घालायची, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी अंगावर काटा यायचा.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी ताईनं शेजारच्या कॉलनीतल्या बौद्ध मुलाशी लग्न केलं. चांदवडला शिक्षक होते भावोजी, शांत माणूस. तुम्ही तिला दारातूनच परत पाठवलंत. "आधी पश्चात्ताप, मग घर." कसला पश्चात्ताप, पप्पा? तिनं कुणाचं काय वाकडं केलं होतं? आणि त्यानंतरच्या झावळ्यांच्या रविवारी तुम्ही तसेच स्टुलावर चढलात. पडदा फाटेना. दोन्ही हातांनी ओढलात, फळ्या करकरल्या, मुलं हसायला लागली. आईनं मशीनवर दुहेरी शिलाई मारली होती. "अहो, राहू द्या," ती मुलांच्या मागून सगळ्यांदेखत म्हणाली. "घरात लेकीला आडवा लावलाय, तो आधी काढा. मग इथला फाडा."

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. आई भांडी घासत होती, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणालात, "ये म्हणावं तिला. एकटीला." आई मान वर न करता म्हणाली, "एकटीला बोलवायचं तर निरोप तुम्ही द्या. मी नाही देणार." तुम्ही दिला नाहीत. इतकं जवळ येऊन थांबलात याचा मला आजही राग येतो. कोकरू, रक्त, कोशावरचं दयासन, सगळं आम्हाला शिकवलंत, ते स्वतः खरं मानत होतात ना? विचारायचं राहूनच गेलं. त्याच उन्हाळ्यात छातीत कळ येऊन तुम्ही गेलात.

मूठमातीला ताई आणि भावोजी आले, पण कबरस्तानाच्या फाटकाबाहेरच उभे राहिले. मी धावत गेले. "आम्ही इथंच बरे गं," ताई म्हणाली, "पप्पांना चालायचं नाही." माझ्या तोंडून निघून गेलं, "पप्पांनी बोलावलं होतं तुम्हाला. दोघांनाही." ताई मटकन खाली बसली. भावोजींनी चपला काढल्या, तिला धरून आत आणलं, आणि दोघांनी तुमच्यावर माती टाकली.

ताई अजून लोकांना सांगते, शेवटी पप्पांनी आम्हाला जवळ केलं. मी मान हलवते. हे पत्र जायचं कुठंच नाही, म्हणून लिहिते. मी खोटं बोलले, पप्पा, आणि त्याचं प्रायश्चित्त करावं असं मला एकदाही वाटलेलं नाही.