भिंगरीच्या तपासणीनंतर

१४ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही नीट पोहोचलात, हे तुमच्या भावाकडून कळलं. इकडे सगळं ठीक आहे. दुकानात शिवणकाम बरंच साचलंय. भिंगरीचं लक्ष टिकत नाही ते एडीएचडीमुळे, हे कळल्यापासून शाळेतल्या बाई तिला पहिल्या बाकावर बसवतात, मध्येच वह्या वाटायला उठवतात. काल सातही गणितं सोडवून आली. दोन चुकली, पण सातही सोडवली.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?" आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू लागलो. तुम्ही मात्र सरळ सांगितलंत, "मला. तीन शाळा बदलल्या, चार नोकऱ्या सुटल्या. सगळे वेंधळी म्हणायचे." इतकी वर्षं हसण्यावारी नेलेलं तुम्ही माझ्या लेकीसाठी परक्यांपुढे मांडलंत.

पुढचा प्रश्न मला होता. "गरोदरपणी सिगारेट, दारू, काही औषधं?"

मी "नाही" म्हटलं. तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत.

पाचव्या महिन्यात दुकानामागच्या जिन्यात तुम्ही मला सिगारेट ओढताना पाहिलं होतं. ओरडला नाहीत. शेजारी बसून विचारलंत, "सुटत नाहीये का?" मग रोज संध्याकाळी मला चालायला न्यायचात. महिन्याभरात सुटली. आठ वर्षांत तुम्ही हे कुणापाशी काढलं नाहीत, आपल्या भांडणातसुद्धा.

सोमवारी मी एकटीच जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "धूर बाळाला वाईटच. पण हे त्यानेच झालं, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. हे बरंचसं घराण्यातून येतं. शिवाय अशा घरांत सिगारेटची सवयही जास्त दिसते, त्यामुळे कशाने काय झालं हे वेगळं काढणं अवघड. सांगितलंत, बरं केलंत." तुमची चूक नव्हती, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. तरी बाहेर पडले तेव्हा छातीवरचा दगड हलला होता.

घरी यांनाही सगळं सांगितलं, तुम्ही सिगारेट सोडवलीत तेही. मग म्हणाले, "ताईला कळवलंस?"

ताई, भिंगरी तुमच्यावर गेलीय असं कुणी म्हटलं, तर पूर्वी मला टोचायचं. आता म्हणा खुशाल. ती तुमच्यासारखी निघाली, तर मला आणखी काही नको.

जिला तुम्ही सांभाळून घेतलंत,
ती तुमची भावजय