जमिनीतल्या वाफेची नोकरी

सेक्टर १०, सोमवार, संध्याकाळ

हे गेल्यावर ह्यांच्या जागी मिळालेली कारखान्यातली नोकरी मुकुंदने आज सोडली. पोटचा मुलगा. आता जमिनीखालच्या वाफेवर वीज करणाऱ्या केंद्रात जाणार. कोळसा नाही, धूर नाही. त्या विजेबद्दल वाचून मीच त्याला सांगितलं होतं. पण नोकरीबरोबर हे क्वार्टरही जाणार, त्याचं काय?

विचारलं, “मी कुठं राहू?”

“मामाकडे, जामुलले. मले बाबाच्या मरणाची नोकरी नाही करायची.”

बाबाच्या मरणाची! इतकी वर्षं त्याच नोकरीवर जेवला ना?

म्हटलं, “तुझा बाप मेला, पण मले सोडून पळाला नाही.”

तो ताटावरून उठला. मी हाक मारली नाही. बाबाच्या मरणाची म्हणे. त्याचं उरलेलं ताट मीच संपवलं. भूक होती.