अर्धी मिशी

४ मे
नाही, मला राग आलेला नाही. रागवायला मी काय पोरगा? काल आमच्या खानदेशी मंडळाच्या मीटिंगमधी मेहुण्यानं माझी मिशी कापली, एवढंच. हा प्रभाकर, मंडळाचा प्रेसिडेंट, जर्मनीला कापड रंगाईची मशीनं बघून आला, तवापासून खानदेशी माणूस त्याला गावंढळ दिसतो. मंडळ मॉडर्न करायचं म्हणे. फेटे बंद, मिश्या बंद. कात्री स्वतः घेतली. "दादा, तुमच्यापासनं सुरुवात." डावी बाजू गेली. मी त्याचा हात झटकला म्हणून उजवी वाचली. सगळे हसले. आमच्यात मिशी बाप मेल्यावर उतरते. बाप एकदाच मरतो.

५ मे
सलूनवाला बोलला, काका, सारखी करून देऊ? नको. पांडेसऱ्यात, मिलांच्या वस्तीत, चहाच्या लारीवर मुद्दाम बसलो. जो विचारेल त्याला सांगतो, प्रेसिडेंट साहेबांचं काम.

८ मे
भाची सोनल आली. प्रभाकरचीच पोरगी, शाळेत इतिहास शिकवते. माझं तोंड बघून हसली, मग रडली. रशियात पीटर राजा होता म्हणे. परदेश फिरून आला अन् सरदारांच्या दाढ्या स्वतः कापल्या. लांब झगे कापले. दाढी ठेवायची तर कर भरा.
"दाढीचं निमित्त रे मामा. मान कोण खाली घालतो ते बघायचं होतं. पुढं सरदारांची सभाच मिटली."
मी विचारलं, मंग सरदारांनी काय केलं? बोलली, काही नाही. कोणीकोणी कापलेली दाढी जपून ठेवली, मेल्यावर देवाला दाखवायला.
मेल्यावर कशाला? मी जित्तेपणी दाखवणार.

१० मे
मंडळाची निवडणूक रद्द. प्रभाकर कायमचा प्रेसिडेंट. हात वर करा बोलला, सगळ्यांनी केले. गुळगुळीत तोंडं. मी नाही केला.
१८ ला सोनलचं लग्न. नवरीच्या मागं मामा उभा लागतो, अन् मामा मी एकच. प्रभाकरचे मिलवाले शेठ बघतील. व्हिडिओत, फोटोत, सगळीकडं अर्धी मिशी. राहू दे जन्मभर प्रभाकरच्या भिंतीवर.

१४ मे
बहीण कमल रडत आली. नवऱ्यानंच, प्रभाकरनं, धाडली. निरोप असा, पूर्ण काढ नाहीतर येऊ नको. बोललो, दुसरा मामा जर्मनीहून मागव म्हणा.

१७ मे
सोनल परत. लाल फेटा घेऊन. बापाला न विचारता.
"पप्पांचं ते पप्पांचं. पण त्या फोटूत मी बी आहे ना रे मामा?"
हे सुचलंच नव्हतं.
उद्या लग्न. फेटा खुंटीला, वस्तरा आरशापाशी. प्रभाकरला सोडणार नाही, हे नक्की. बाकी, उजवी राहील का जाईल, विचारू नका. नाही सांगत.