पुजलेली कॅसेट

५ ऑक्टो., बुध.
आज घट बसले. सहामाही तोंडावर, पण माझं नि धाकट्या बंड्याचं सगळं लक्ष भाग दोनमध्ये. होडीवाल्या व्हिडिओ गेमचा पहिला भाग इतक्यांदा संपवलाय की बंड्या डोळे मिटून खडक चुकवतो. शेवटी होडी भर समुद्रात जाते, टीव्ही काळा होतो, जपानी अक्षरांत काहीतरी येतं. पोचला की बुडाला, देव जाणे.

बाबा त्या होडीवाल्याला तांडेल म्हणतात. गावी मालवणला होडीचा जो मुख्य, तो तांडेल. स्वतः कधी खेळत नाहीत. रिमोट हातात दिला तर चटका बसल्यासारखा परत करतात. पण ड्यूटीवरून आले की चहाच्या आधी विचारणार, "तांडेल पोचलो काय गो?"

८ ऑक्टो., शनि.
सिल्व्हिया (यापुढे सि., हात दुखतो) माझ्या बाकावर बसते, दादरला चर्चच्या मागे राहते. तिचे डॅडी बोटीवर आहेत. ते आणणार ती भाग दोनची कॅसेट तिची, गेमचं मशीन माझं, असा आमचा करार. मशीन माझं हे इथे लिहून ठेवते, कारण बंड्या सोयीने विसरतो. मामाच्या लग्नात मी करवली होते, त्याचा मान म्हणून मिळालंय.

बोट आज येणार होती. सि. म्हणते, अजून कोलंबोत. गेल्या आठवड्यातही कोलंबोतच होती. तिथे काय नांगर चोरीला गेला?

चाळीतली पोरं म्हणतात भाग दोन निघालेलाच नाही, सि. थापा मारते. जळतात मेले.

११ ऑक्टो., मंगळ.
आली!! बोट आली, डॅडी आले, कॅसेट आली. सि.ने दप्तरातून दाखवली, नुसता कोपरा. बाई वळल्यावर पूर्ण. वरच्या चित्रात तांडेलाला दाढी आलीय. म्हणजे बुडाला नाही, निदान दाढी येईपर्यंत तरी.

दसऱ्याच्या सुट्टीला घेऊन येते म्हणाली. "ए, पण पहिला चान्स माझा हं. डॅडींनी मला आणलीय." दिला. चान्स काय, वाटीभर श्रीखंडही देऊ.

बाबांना दाढीचं सांगितलं. विचारात पडले. "म्हंजे लय दिस दर्यात असतलो."

१३ ऑक्टो., गुरु., खंडेनवमी
डोकं फिरलंय. संध्याकाळी बाबा रंगाच्या जुन्या ब्रशने गेमची धूळ काढत बसले होते. मला वाटलं, उद्याची तयारी. तयारीच, पण पूजेची! उद्या गेम पाटावर, माझ्या पुस्तकांशेजारी. आणि पुजलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही. पुस्तकं पुजली की अभ्यास नाही, हा नियम मला पूर्ण मान्य. गेम पुजला की गेम नाही, हा कुठला न्याय?

म्हटलं, "बाबा, खेळणं आहे ते!"

"मगे घरात दुसरी मशीन खंय आसा?"

आईने मला मोरीपाशी ओढून झापलं. बाबा मिलमध्ये होते तेव्हा दसऱ्याला आपल्या मागांना हार घालायचे, बायकापोरांना बघायला न्यायचे. मलाही कडेवर नेलं होतं म्हणे. मग संप झाला, मिल गेली. त्याला आता बारा वर्षं. बाबा फोर्टात एका ऑफिसात लिफ्टमन आहेत. तिथे लिफ्टला हार मालकाचा पुतण्या घालतो, बाबा ताट धरून उभे.

"एक दिवस नाही खेळलात तर मराल का?" आई.

हो. पण बोलले नाही.

१४ ऑक्टो., शुक्र., दसरा
काय दिवस! सि. दुपारी आली. बाबांनी तिची कॅसेटही मागून घेतली आणि मशीनमध्ये खोचून पाटावर मांडली. म्हणे, अर्धी मशीन पुजायची नसते. मला वाटलं सि. फुगणार. ती कसली! "अंकल, मी लावू कुंकू?" चमचाभर लावलं असेल. मग बाबांची हळद, अक्षता, पळीभर पाणी, झेंडूचा हार. अंगात नवा शर्ट.

नंतर श्रीखंड-पुरी खात सगळे बंद टीव्हीकडे बघत बसलो. गॅलरीत पोरांची ही गर्दी. बाबा ज्याला त्याला सांगत होते, "उद्या सकाळी. नारळ फोडल्यावर." आपल्या बाबांचा आवाज एवढा खणखणीत आहे हे मला आज कळलं. राग कधी गेला ते समजलंच नाही. गेम न खेळता इतकं छान वाटतंय. हे बंड्याला सांगणार नाही.

सि. कॅसेट ठेवून गेली. "अंकल, सकाळी चालू करून बघा. पण खेळायचं मी आल्यावर."

१५ ऑक्टो., शनि.
नारळ फोडला, बाबांनी बटण दाबलं. पडद्यावर नुसत्या रेघा. कॅसेट काढून फुंकर मारली, परत लावली. रेघा. उलटी करून झटकली तर तांदळाचे दाणे पडले, मागोमाग ओली हळद. जुनी कॅसेट नीट चालते. गेली ती नवीच. सि.ची.

बंड्या रडायला लागला. गॅलरीतली पोरं हसत पांगली, "देवालाच खेळायला दिली!" एकाला मी चप्पल दाखवली. बाबा डबा न घेताच कामाला गेले.

वाण्याकडून फोन करून सि.ला सांगून टाकलं. मला आज गेमचं काही वाटत नाही, बाबांचं फार वाईट वाटतंय.

१६ ऑक्टो., रवि.
सि. आली. बाबा दारातच म्हणाले, "चेडवा, तुज्या पप्पांची वस्तू. माज्या हातान गेली."

"अंकल, कुंकू तर मीच जास्त घातलं ना." मग खिशातून खोडरबर काढला. "डॅडी बोलले, खोलून आतली पट्टी ह्याने घासा. बोटीवर रेडिओचं असंच करतात."

बाबांनी चष्मा लावला, स्क्रू काढले. दोघं दुपारभर घासत होती. (माझा वासाचा रबरही गेला.) लावली. रेघा. परत घासली. रेघा. मग बाबांनी कॅसेट जरा तिरकी धरली, अंगठ्याने हळूच दाबत बसवली, आणि समुद्र! तांडेल, दाढीसकट! सि. किंचाळली, आई पोळपाट सोडून धावत आली. पहिला चान्स सि.चा, करारच तो. मागून बाबा, "सांबाळून गो, खडक आसा, खडक!"

ती म्हणते कॅसेट इथेच राहू दे, दर रविवारी येईन.

१९ ऑक्टो., बुध.
कॅसेट बाबांशिवाय लागत नाही. मी बघितलं, बंड्याने बघितलं, वरच्या मजल्यावरच्या पोरांनी बघितलं. रेघा. बाबा आले, तिरकी धरली, अंगठा, लागली.

त्यामुळे संध्याकाळ झाली की पोरं जिन्यात बसतात. तीच, परवा हसणारी. बाबा करी रोडचा पूल उतरून येताना दिसले की ओरडा, "काका आले, काका आले!" आधी बाबा नाक्यावर पान खात रेंगाळायचे. आता सरळ घरी, चहा नंतर. आई म्हणते, इतकी झपझप चाल मिल सुटल्यापासून बघितली नव्हती.

२१ ऑक्टो., शुक्र.
तांडेल बेटावर अडकलाय, पुढचं कोणालाच ठाऊक नाही. बाबांचं म्हणणं, भरतीची वाट बघ.

दुपारी घरात मी एकटीच होते. आई बाजारात, बंड्या शिकवणीला. सहज कॅसेट लावली. तिरकी नाही, अंगठा नाही, सरळ खोचली. पहिल्या फटक्यात लागली. समुद्र, होडी, सगळं.

खेळायची इतकी इच्छा झाली होती. बंद केलं. कॅसेट काढून बाबा ठेवतात तशीच टीव्हीवर ठेवली.

संध्याकाळी पोरं जमली. त्यातला एक म्हणाला, "ताई, तू तरी बघ ना लावून."

"माझ्याने नाही लागत रे. बाबा येऊ देत."

बंड्याला सांगावं का, ठरत नाही. उद्या दुपारी तो घरीच आहे, कॅसेट लावून बघणारच.