दोन अक्षरं, मग एंटर

३ फेब्रुवारी
आज माझ्यावर घोर अन्याय झाला. सकाळी संगणक चालू केला तर एकही चित्र जागेवर नाही! रात्रीतून तो म्हणे अद्ययावत झाला. डाव्या कडेला वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने नांदणारे माझे प्रोग्राम उचलून कुठल्या तरी कप्प्यातल्या कप्प्यात कोंबलेत. पन्नाशी उलटल्यावर माणसाने स्वतःच्याच टेबलावर पत्ता विचारत फिरायचं! मी निषेध नोंदवतो आहे. कोणाकडे, ते अजून ठरलेलं नाही. या आठवड्याचं सदर अर्धंच झालंय. लोकांना हसवायची आज बिलकुल इच्छा नाही.

हे सगळं ताईला सांगितलं. तिला झटका आला आणि मी तिला माझ्याकडे आणलं, तेव्हापासून या घरात बोलणारा मी एकटाच. उजवा हात निजलाय. काठी घेऊन चालते. शब्द मात्र गेले ते गेलेच. एकच उरलाय — ‘हो’. चहा घेतेस? हो. झोपतेस? हो. मी गाढव आहे का? हो. (हे मात्र अगदी खणखणीत.)

५ फेब्रुवारी
दुरुस्तीवाला येऊन गेला. माझी शोधाशोध बघून म्हणाला, “सर, शोधता कशाला? हाक मारा ना!” दोन बटणं एकदम दाबली की पडद्याच्या मधोमध एक पट्टी उघडते. तिच्यात प्रोग्रामचं नाव लिहायचं. पुरतं लिहायचीही गरज नाही — दोन अक्षरं लिहिली की खाली यादी येते. एंटर मारला की सगळ्यात वरचं उघडतं.

“आणि मला दुसरंच हवं असलं तर?”

“बाण दाबून खाली जायचं. पण लोक वरचंच उघडतात, सर. घाई असते.”

तो गेल्यावर चित्रं कापायचा प्रोग्राम बोलावला. paint लिहिलं. पट्टीत उमटलं — ‘जोगलू’! कळफलक मराठीवर राहिला होता. पट्टीने कळवलं, असं काही सापडत नाही. मला वाईट वाटलं. जोगलू कोण, कुठला, पण हाकेला धावला असता असं उगाच वाटलं.

६ फेब्रुवारी
टोपणनावंही देता येतात! पत्रव्यवहार झाला ‘तगादा’. हवामान — ‘थापा’. लिहायचा प्रोग्राम — ‘रडगाणं’. ‘र’ लिहिलं की उघडतं. इतक्या सहज माझ्याकडे दुसरं काही उघडत नाही.

९ फेब्रुवारी
ताईला बोलतं करणाऱ्या बाई आल्या. मलाच झापलं. ताईने ‘पा’ म्हटलं की मी लगेच “पाणी? पांघरूण? पाय दुखतोय?” सुरू करतो — ते बंद. “शब्द तोंडात घालू नका. थांबा. मिनिटभर लागलं तरी थांबा.”

मिनिट म्हणजे काय असतं ते या बाईंनी माझ्या जागी बसून बघावं.

जाताना दारात म्हणाल्या, “आणि त्यांच्या ‘हो’वर जाऊ नका. तोंडाला तेवढंच सापडतंय. आत नाही असलं तरी बाहेर हो येतं. वाचलेलं ओळखू येतंय, ते चांगलं लक्षण आहे.”

ओळखू येणारच. सगळी हयात मुद्रितं तपासण्यात गेली ताईची. माझं सदर वाचायची ते विनोदासाठी नाही, ऱ्हस्व-दीर्घासाठी.

१२ फेब्रुवारी
भाच्याचा परगावाहून फोन. “मामा, आईच्या जागेला भाडेकरू मिळालेत. चांगले लोक आहेत. पहिल्या तारखेपासून येतो म्हणतात. आई आता तुझ्याकडेच आहे, जागा रिकामी ठेवून काय करायचंय? फोन दे तिला.”

फोन तिच्या कानाशी धरला. “आई, देऊ ना जागा?”

“हो.”

“बघ मामा! तीच म्हणाली.”

बाईंनी दारात काय सांगितलं, ते माझ्या ओठांवर आलं होतं. तिथेच राहू दिलं. त्या भाड्यातून दिवसाची बाई ठेवता आली असती. मला दुपारी तासभर आडवं होता आलं असतं. दोन खोल्यांची ती जागा ताईने एकटीने, डोळे फोडून घेतली. खिडकीशी तिचं टेबल आहे. मला सगळं माहीत आहे.

फोन ठेवल्यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपली. झोपली नव्हती.

१३ फेब्रुवारी
दमलोय. हाडं दमलीत.

१६ फेब्रुवारी
त्या पट्टीतून नुसते प्रोग्राम नाही, काहीही उघडतं — आवाजसुद्धा! मग बसून माझ्या आवाजात शब्द भरले. पाणी. उशी. दुखतंय. दिवा बंद. प्रत्येकाला नाव दिलं. ताईला खुर्चीत बसवलं. तिने डाव्या हाताने ‘प’ दाबला. यादी आली. बाणाने एक ओळ खाली, एंटर. आणि कोपऱ्यातून मी ओरडलो, “पाणी!”

ती दचकली. मग हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तोंड वाकडं होतं हसताना, तरी ते हसणं तिचंच.

संध्याकाळी गंमत म्हणून ‘गप्प बस’ भरलं. चूक झाली. तेव्हापासून माझ्याच घरात, माझ्याच आवाजात, मला गप्प बसवलं जातंय.

२१ फेब्रुवारी
भाड्याचा करारनामा आला. ताईची सही हवी, नाहीतर डाव्या हाताचा अंगठा. कागद तिच्यासमोर धरला नि परत ओढून घेतला. म्हटलं, थांब. घाईघाईत आणखी दोन शब्द भरले — एक होकार, एक नकार. पट्टी उघडून दिली. दोन्ही नावं पडद्यावर, एकाखाली एक.

“ताई, जागा भाड्याने द्यायची?”

तिचं बोट पडद्यावर गेलं. खालच्या नावावर. आणि तोंडाने, “हो! हो! हो!”

“म्हणजे काय समजू मी? हो की नाही?”

“हो! हो!” बोट ठोकतेय, डोळ्यांत पाणी, एंटर काही मारत नाही. मी हैराण. आवाज चढला माझा. म्हटलं, “अगं, एंटर मार ना मग!” तिने माझ्याकडे असं पाहिलं, की लहानपणी शुद्धलेखनाची वही समोर आपटायची तेव्हाचीच ती.

मग दिसलं. मी लिहिलं होतं — ‘नाहि’.

गुपचूप दुरुस्त केलं. नाही. हीला दुसरी.

तिने श्वास घेतला. बाण खाली. एंटर.

“नाही,” मी म्हणालो, कोपऱ्यातून.

२२ फेब्रुवारी
भाच्याला फोन.

“मामा, आईला आता काही कळत नाही रे. तूच दाबलं असशील.”

“मी ‘नाहि’ ऱ्हस्व लिहिलं होतं. दीर्घ केल्याशिवाय तिने बटणाला हात लावला नाही.”

“माझ्या राजीनाम्यातसुद्धा लाल पेनने चुका काढल्या होत्या तिने,” तो म्हणाला. “मी कळवतो त्या लोकांना. पण ती तिथे एकटी राहणार कशी?”

ते बघू म्हटलं. बारा तारखेच्या फोनबद्दल मात्र सांगून टाकलं — बाई काय म्हणाल्या होत्या ते, आणि मी गप्प का राहिलो ते. तो म्हणाला, “असू दे, मामा.” असू दे म्हटल्याने बरं वाटायला हवं होतं.

२६ फेब्रुवारी
खोकी बांधतोय. पाठ गेली कामातून.

१ मार्च
ताईच्या जागेत भाडेकरू आला. मी. सोबत संगणक नि दोन पिशव्या. भाडं असं ठरलंय — सकाळचा चहा करायचा, आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. आज खिडकीशी बसून ती म्हणाली, “सा... सा...” मी कप धरून उभा. चहा निवला. “साखर,” ती म्हणाली, “कमी.”

आजचं भाडं चुकतं केलं.