आबांचा अंगठा

१२ जानेवारी १९७८, गुरुवार, सांगली

उजव्या अंगठ्याकडं बघवत नाही, आणि पेन तर त्यानंच धरावं लागतंय.

दुपारी आबांना बाहेर बसवून डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून सगळं फोडून सांगितलं. पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते त्यांना जागेवर चिकटवून ठेवतं. कॅन्सरच्या पेशींत ते कमी होतं, असं नवीन संशोधन म्हणतंय. मग त्या फुप्फुसातून सुटतात आणि भलतीकडंच जाऊन रुजतात. "गळ्यापाशी टणक गाठ लागली, तर पसरलाय असं समजा. लगेच घेऊन या."

आबांना मी एवढंच सांगितलंय, छातीत कफ धरलाय. खोटं किती दिवस पुरणार?

कुंडलच्या गुऱ्हाळावर गूळ करण्यात त्यांचा जन्म गेला. संध्याकाळी मी बाजारातून आणलेल्या ढेपेवर त्यांनी सवयीनं अंगठा दाबला. रुतला. "मऊ हाय. टिकायचा न्हाई ह्यो गूळ," म्हणाले आणि ढेप बाजूला सारली.

मी चहा ठेवून वळले, तर तोच अंगठा गळ्याच्या हाडावर. दाबून बघत होते.

"काय झालं, आबा?"

"हितं गाठ आलीया." मग चेहरा एकदम निवळला. "पर भ्यायचं काम न्हाई, पोरी. लय घट्ट हाय. बघ की दाबून."

माझा अंगठा धरून त्यांनीच तिथं टेकवला.

रुतला नाही.

गिऱ्हाइकाच्या होकाराची वाट बघावी तसे ते माझ्याकडं बघत राहिले.

"हो, आबा," मी म्हटलं. "घट्ट आहे."